प्रेषितांमधला पाखंडी

याबी यूचा आवाज असामान्य नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. डेनिस ब्राउनच्या गळ्यातली गोलाई त्याच्याकडं नव्हती. बॉब मार्ली गायला लागला की तो आपल्याशीच बोलतोय असं वाटतं, तसंही इथं होत नाही. बारीक, कोरडा, किंचित कापरा असा हा आवाज. साथीदारांच्या सुरांत मिसळला की मुख्य गायक कोण आणि मागचे कोण, हे कित्येकदा कळतही नाही. तरीही सत्तरच्या दशकातलं जमैकन रेगे ऐकत ऐकत माणूस या आवाजापाशी येतो आणि रेंगाळतो. मी तर बरीच वर्षं रेंगाळलो आहे. पुढं कितीतरी गायक ऐकले, त्यांतले काही निःसंशय याच्याहून मोठे. पण का कोण जाणे, याचं देणं फिटल्यासारखं वाटत नाही.

आपल्याकडं रेगे म्हणजे मार्ली. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये तो वाजतो, पुण्यामुंबईच्या फुटपाथवर टी-शर्टांवर टांगलेला असतो. त्यात मार्लीचा दोष काहीच नाही. तो खरोखरच थोर होता. पण त्याच्या मागं किंग्स्टनच्या गल्ल्यांत जे अख्खं पीक उभं होतं, त्याची ओळख या एका चेहऱ्यावर थांबते. त्या पिकातलं सर्वांत वेगळं कणीस कोणतं असं मला विचारलं, तर मी विव्हियन जॅक्सन हे नाव घेईन. याबी यू हे त्याचं पडलेलं नाव. ते कसं पडलं हे सांगण्याआधी तो गाण्यापर्यंत कसा आला ते सांगायला हवं, कारण तो वाटेनं चालत आला नाही. बाकीच्या वाटा बंद झाल्या म्हणून आला.

जन्म १४ ऑगस्ट १९४६चा, किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीतला. घर गरिबीचं. बाराव्या वर्षी त्यानं घर सोडलं आणि भट्टीवर काम धरलं. जमैकाच्या प्रत्येक स्वयंपाकघरात असतं तसलं जाड बुडाचं पातेलं ओतणारी ती भट्टी. धातू वितळवायचा, साच्यात ओतायचा, निवला की ठोकून बाहेर काढायचा. मोठ्या माणसाला घाम फोडणारं हे काम बारा वर्षांचा पोरगा अर्धपोटी करत होता. सतराव्या वर्षी शरीरानं हात टेकले. कुपोषणानं तो रुग्णालयात गेला आणि बाहेर आला तो संधिवातानं आखडलेले पाय घेऊन. भट्टीसमोर उभं राहणं आता शक्य नव्हतं. पुढची काही वर्षं तो किंग्स्टनच्या रस्त्यांवर, मिळेल ते करून जगला.

ही साठच्या दशकातली गोष्ट. ६ ऑगस्ट १९६२ला जमैका स्वतंत्र झाला होता. नवा झेंडा, नवं राष्ट्रगीत, आणि खेड्यांतून राजधानीकडं लोटलेली, हाताला काम नसलेली तरुण पोरं. त्या पोरांना शिक्षणाचा दाखला न दाखवता शिरता येईल असे धंदे दोनचारच होते, त्यांतला एक गाण्याचा. स्टुडिओ वनच्या फाटकाशी रविवारी आवाजाच्या चाचणीसाठी रांगा लागायच्या. जमैकासारख्या चिमुकल्या बेटानं जगाला इतके गायक कसे दिले, याचं उत्तर लोक तिथल्या मातीत, उन्हात, रक्तात शोधतात. मला ते बेकारीतही दिसतं. ज्याला दुसरं काही करता येत नाही असं जगानं ठरवून टाकलं, त्याच्यापाशी गळा उरला होता. विव्हियन जॅक्सनच्या बाबतीत तर शरीरानंच तसा निवाडा दिला होता.

त्याची गाणी संथ आहेत, जड पावलांनी चालणारी आहेत. ऐकणाऱ्याला मोह होतो की ही चाल त्याच्या पायांशी जोडावी. हा मोह आवरलेला बरा. संथपणा त्या काळच्या सगळ्याच रूट्स रेगेत, म्हणजे श्रद्धा आणि गरिबांचं जगणं गाणाऱ्या रेगेत, होता. धडधाकट पायांच्या माणसांनीही तो वाजवला. आजारानं त्याला लय दिली असं म्हणण्यात दुःखाला उगाच शोभेची वस्तू केल्यासारखं होतं. आजारानं त्याची नोकरी घेतली, एवढं मात्र खरं.

पहिलं गाणं त्याला कसं सुचलं, हे तो पुढं सांगत असे. मनात कुणी देवदूत गात असावा तसा काहीतरी विलक्षण सूर त्याला ऐकू आला, आणि गाणं त्यातून आलं. सुचणं फुकट होतं, बाकी सगळ्याला पैसे लागत होते. थोडेथोडे साठवून त्यानं आधी नुसतं वाद्यांचं ध्वनिमुद्रण करून घेतलं. बेसवर ॲस्टन ‘फॅमिली मॅन’ बॅरेट, ड्रमवर लीरॉय ‘हॉर्समाउथ’ वॉलेस, गिटारवर अर्ल ‘चिना’ स्मिथ. आज रेगेच्या इतिहासात ही तिन्ही नावं पहिल्या पानावर येतात. तेव्हा ही मंडळी तरुण होती आणि हा तर कोणीच नव्हता. एवढ्यात गाठीचे पैसे संपले. आवाज भरायला पुन्हा काही महिने थांबावं लागलं. मग किंग टबीच्या स्टुडिओत गाणं पुरं झालं आणि ‘काँकरिंग लायन’ या नावानं १९७२मध्ये त्याची तबकडी निघाली.

मधल्या त्या महिन्यांचा विचार मी पुष्कळदा करतो. गाणं होतं, वाद्यं होती, ठेका होता. शब्द मात्र गाणाऱ्याच्या डोक्यातच. कंपनीच्या पैशावर गाणाऱ्याला अशी वेळ येत नाही. याला ती आली आणि त्यामुळं असेल, आपल्या गाण्याला आपल्याशिवायही जीव आहे हे या माणसाला फार लवकर कळलं असावं. पुढं त्यानं जे केलं त्याची बीजं मला तिथं दिसतात.

गाण्याच्या सुरुवातीला तो काही निरर्थक अक्षरांचा घोष करतो. मंत्र म्हणावा तर अर्थ लागत नाही, बडबडगीत म्हणावं तर अंगावर काटा येतो. हीच अक्षरं गाणंभर पुन्हा पुन्हा वर येत राहतात. त्या अक्षरांवरून लोक त्याला याबी यू म्हणू लागले. आपल्याकडं अभंगाच्या शेवटी संत आपलं नाव गुंफतो आणि गाण्यावर सही करतो. इथं उलटं घडलं. गाण्यानं माणसावर सही केली, आणि विव्हियन जॅक्सन हे नाव तबकड्यांच्या कागदी वर्तुळावर उरलं.

त्याचं दुसरं टोपणनाव अधिक बोलकं आहे: जीझस ड्रेड. ते समजायला रास्ताफारींविषयी दोन शब्द हवेत. २ नोव्हेंबर १९३०ला इथिओपियात रास तफारी हा सरदार हैले सेलासी या नावानं सम्राट झाला. जमैकातल्या काही काळ्या धर्मोपदेशकांनी बायबल उघडून पाहिलं आणि त्यांना वाटलं, ज्याची वाट पाहत होतो तो हाच. गुलामांच्या वंशजांना पहिल्यांदाच आपल्या रंगाचा देव मिळत होता. त्याला मानणारे ते रास्ताफारी, थोडक्यात रास्ता. २१ एप्रिल १९६६ला सेलासी स्वतः जमैकाला आला तेव्हा किंग्स्टनच्या विमानतळावर गर्दीचा असा लोंढा आला की सम्राटाला विमानातून उतरायलाही वेळ लागला. सत्तरचं दशक उजाडेपर्यंत रूट्स रेगे आणि रास्ताफारी यांचं नातं अंगाला अंग लागावं इतकं जवळचं झालं होतं. केस वाढवून त्यांच्या जटा केलेला गायक, म्हणजे ड्रेड, दिसला की त्याचा देव कोण हे विचारावं लागत नव्हतं.

याबी यूच्याही जटा होत्या. त्याच्याही ओठांवर ‘जाह’ हे देवाचं नाव होतं. तोही गोऱ्यांच्या राज्याला बॅबिलॉन म्हणत होता आणि त्याच्या नाशाची भविष्यं गात होता. फक्त हैले सेलासी हा देव आहे हे त्याला मान्य नव्हतं. सेलासी राजा असेल, थोर असेल. पण देव एकच आणि त्याचा पुत्र येशू, इथून तो कधी हलला नाही. चर्चमध्ये बसून असं म्हणणं सोपं होतं. तो हे रास्तांच्या मध्ये बसून, त्यांच्यासारखंच दिसून, त्यांच्याच भाषेत म्हणत होता.

रास्तांच्या बैठकीला रीझनिंग म्हणतात. गोल करून बसायचं, बायबल उघडायचं, चिलीम फिरवायची आणि वाद घालायचा. तासन् तास. ही चिलीम आणि तिच्यातला गांजा जमैकात नेला तो आपल्याकडच्या गिरमिटिया मजुरांनी. १८४५मध्ये त्यांचं पहिलं जहाज त्या बेटाला लागलं. गुलामगिरी संपल्यावर रिकाम्या पडलेल्या उसाच्या मळ्यांवर त्यांना राबवलं गेलं, आणि काळ्या मजुरांशी झालेल्या शेजारातून ही सवय तिकडं गेली. अशा बैठकांतून याबी यू येशूची बाजू लावून धरी. लोक चिडत, हसत, वाद घालत, आणि पुढच्या बैठकीला पुन्हा त्याच्यासोबत बसत. जीझस ड्रेड हे नाव अर्धं चेष्टेचं आणि अर्धं मान्यतेचं असावं असं मला वाटतं. पाखंडी म्हणून हाकलायचं असतं तर लोकांनी टोपणनाव देण्याचे कष्ट घेतले नसते.

आणि आता त्या पहिल्या गाण्याकडं पुन्हा पाहू. त्यातला विजयी सिंह म्हणजे बायबलमधला यहूदाच्या वंशाचा सिंह. बायबलच्या शेवटच्या ग्रंथात ही उपमा येते, आणि ख्रिस्ती माणसासाठी तो सिंह म्हणजे ख्रिस्त. पण हेच बिरुद इथिओपियाच्या सम्राटांच्या नावामागंही लागत असे, म्हणून रास्तांसाठी तो सिंह म्हणजे हैले सेलासी. आता डोळ्यांसमोर आणा: गाणारा येशूला हाक मारतो आहे. बेस, ड्रम आणि गिटार वाजवणारे रास्ता. तबकडी निघाली की साउंड सिस्टिमच्या भिंतीएवढ्या स्पीकरांसमोर जमणारी गर्दीही बहुतेक रास्ता वळणाची. सिंह एकच. प्रत्येकाच्या मनात त्याची आयाळ वेगळ्या चेहऱ्याभोवती. आणि तरीही गाणं कुठं उसवत नाही.

मी कुठल्याच अर्थानं ख्रिस्ती नाही, आणि रास्ता होण्याइतकी माझी श्रद्धा उत्कटही नाही. तरी हे गाणं मला बाहेर उभं करत नाही. त्याचं कारण मी पुष्कळ शोधलं. मला वाटतं, हे गाणं जन्मापासूनच मतभेद पोटात घेऊन आलेलं आहे. दोन देवांना ज्याच्यात जागा झाली, त्यात तिसऱ्या, नुसत्याच ऐकणाऱ्या माणसालाही होते.

इथं एक तारीख महत्त्वाची आहे. सप्टेंबर १९७४मध्ये सेलासीला पदच्युत करण्यात आलं आणि २७ ऑगस्ट १९७५ला तो नजरकैदेत मेला. देव मरतो कसा? रास्तांपुढं हा प्रश्न बर्फासारखा गार होऊन उभा राहिला. काहींनी बातमी खोटी ठरवली, काहींनी देह आणि दैवत वेगळं केलं, कुणी गाणी रचून उत्तर दिलं. मार्लीचं ‘जाह लिव्ह’ हे त्याच वर्षीचं. याबी यूला तर्कानं या प्रश्नाची झळ लागायला नको होती. त्याची श्रद्धा त्या सिंहासनावर बसलेलीच नव्हती. पण त्याची १९७५पासून पुढची गाणी ऐकताना तो सुटल्यासारखा, जिंकल्यासारखा कुठंच वाटत नाही. उलट सूर आणखी काळोखे होत जातात. भविष्यवाणी, न्यायाचा दिवस, आग, शत्रूंपासून सोडवण्याची याचना. ‘काँकरिंग लायन’ या नावाचा संग्रह १९७५चा, ‘डिलिव्हर मी फ्रॉम माय एनिमीज’ १९७७चा. शेजाऱ्याचा देव गेला म्हणून आपला मोठा झाला असं मानणारा हा माणूस दिसत नाही.

आता किंग टबीकडं जायला हवं, कारण याबी यू म्हटलं की टबी आलाच. ऑस्बोर्न रडॉक हे त्याचं खरं नाव. रेडिओ आणि ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करणारा, टापटीप राहणारा, विजेच्या उपकरणांत रमणारा माणूस. वॉटरहाउसमध्येच ड्रोमिली ॲव्हेन्यूवर त्याचं घर आणि घरातच स्टुडिओ. जागा एवढीशी की आख्खा वाद्यवृंद तिथं मावतच नव्हता. वाद्यं दुसरीकडं वाजवून घ्यायची, टेप घेऊन टबीकडं यायचं, न्हाणीघराच्या जागेत उभं राहून आवाज भरायचा आणि मग टबी मिक्सरवर बसायचा. चार ट्रॅकांचं ते यंत्र मोठ्या स्टुडिओनं काढून टाकलेलं, टबीनं विकत घेऊन स्वतःच्या हातानं बदललेलं.

त्या मिक्सरवर त्यानं जे केलं त्याला डब म्हणतात. तबकडीच्या एका बाजूला गाणं असे, दुसऱ्या बाजूला त्याच गाण्याची मोडतोड. टबी गायकाचा आवाज बंद करून टाकी. मध्येच अर्धा शब्द येऊ देई, त्याला इकोत सोडून देई, तो शब्द लांब लांब जात विरून जाई. ड्रम आणि बेस उघडे पडत. गिटारचा एखादा फटकारा येई आणि रिव्हर्बच्या दरीत पडे. एका मोठ्या गोल बटणानं तो आवाजातला सगळा खालचा भाग कापून टाकी, की सगळं संगीत पत्र्यावरच्या पावसासारखं पातळ होऊन जाई, आणि बटण मागं फिरवलं की बेस परत येऊन छातीवर बसे.

गायकाच्या दृष्टीनं पाहिलं तर ही क्रूर कला आहे. ज्या शब्दासाठी जीव काढला तोच कापला जातो. कित्येक गायकांसाठी डब ही तबकडीची दुसरी बाजू भरण्याची सोय होती, एका खर्चात दोन कामं. याबी यूनं मात्र ती आपल्या कामाचा गाभा मानली. ‘किंग टबीज प्रॉफेसी ऑफ डब’ हा १९७६चा संग्रह, ‘बिवेअर डब’ हा त्यानंतरचा. त्यांत त्याचा आवाज कुठं कुठं, धुक्यातून खांब दिसावा तसा येतो आणि जातो. आणि गंमत अशी की त्याची श्रद्धा मला मूळ गाण्यांपेक्षा तिथं जास्त ऐकू येते. शब्द असतात तोवर माणूस आपलं मत सांगतो. ते मत मला पटतं किंवा पटत नाही. शब्द गेले की उरतो तो नुसता भार, नुसतं थांबणं, आणि कशाची तरी वाट पाहणं. देवदूताच्या गाण्याची जी गोष्ट तो सांगत असे, तिच्यावर विश्वास बसतो तो मला तिथंच.

गाणं आपल्या आवाजापासून सोडवून देण्याची ही सवय त्याच्या पुढच्या सगळ्या कामात दिसते. तो स्वतःच निर्माता होता, ‘प्रॉफेट्स’ हे त्याच्या साथीदारांच्या गटाचं नाव आणि त्याच्या लेबलाचंही. एकदा वाजवून घेतलेल्या रिदिमवर, म्हणजे गाण्याच्या नुसत्या वाद्यांच्या ठेक्यावर, तो दुसऱ्यांना बोलावी. बिग यूथ, ट्रिनिटी, डिलिंजर हे डीजे येऊन त्यावर बोलगाणी करत. ट्रिनिटीच्या एका तबकडीचं नावच ‘जीझस ड्रेड’. स्कॅटलाइट्स या वाद्यवृंदातला टॉमी मकूक येऊन सॅक्सोफोन वाजवून जाई. वेन वेड नावाच्या कोवळ्या पोराला त्यानं गायक म्हणून पुढं आणलं. मायकेल हेन्स हा तर त्याच्या लेबलावरून मायकेल प्रॉफेट झाला. त्याचा ‘सीरियस रीझनिंग’ हा याबी यूनं घडवलेला संग्रह १९८०मध्ये आयलंड या मोठ्या कंपनीनं काढला. म्हणजे मार्लीला जगभर नेणाऱ्या कंपनीच्या दारापर्यंत याबी यू पोचला होता, पण स्वतःचा आवाज घेऊन नाही; शिष्याचा आवाज घेऊन.

हे सगळं चालायचं कसं, तेही पाहायला हवं. लहान निर्मात्याचा धंदा हातातोंडाची जेमतेम गाठ घालणारा असे. स्टुडिओचे तास भाड्यानं घ्यायचे, थोड्या तबकड्या दाबून घ्यायच्या, साउंड सिस्टिमवाल्यांना आणि दुकानांना पोचवायच्या, ते पैसे पुढच्या गाण्यात घालायचे. पुष्कळ तबकड्या छापील नावाशिवाय, कोऱ्या वर्तुळाच्या निघत. मोठी कंपनी नसल्यामुळं गाणी त्याचीच राहिली. मोठी कंपनी नसल्यामुळं ती फार दूर गेलीही नाहीत. स्वातंत्र्याची ही किंमत त्यानं समजून मोजली की नाइलाजानं, हे ठरवायला मी कोण? पण त्याच्या गाण्यांत कुठं इंग्लंड-अमेरिकेच्या बाजारासाठी रॉकची फोडणी दिलेली नाही, कुठं चाल सैल केलेली नाही. ती आजही ऐकताना तडजोडीचा वास येत नाही, याचं एक कारण त्या कोऱ्या वर्तुळांत आहे.

मग दिवस पालटले. १९७६मध्ये जमैकात आणीबाणी लागली. दोन पक्षांनी वस्त्या वाटून घेतल्या, पोरांच्या हातात बंदुका आल्या, आणि वॉटरहाउसला लोक फायरहाउस म्हणू लागले. ३० ऑक्टोबर १९८०च्या निवडणुकीच्या वर्षात शेकडो माणसं मारली गेली. ११ मे १९८१ला मार्ली गेला. ऐकणाऱ्यांनाही आता न्यायाच्या दिवसाची भविष्यं नको झाली होती. डान्सहॉलमध्ये हलकं, चटपटीत, कमरेला हलवणारं काही हवं होतं. १९८५मध्ये कॅसिओच्या छोट्या कीबोर्डवरचा तयार ठेका घेऊन ‘स्लेंग टेंग’ आलं आणि वाद्यवृंदाची गरजच संपल्यासारखी झाली. त्याच वर्षीच्या याबी यूच्या संग्रहाचं नाव ‘फ्लीइंग फ्रॉम द सिटी’, शहर सोडून पळताना. ६ फेब्रुवारी १९८९ला किंग टबीला त्याच्या घराबाहेर कुणीतरी गोळी घालून मारलं. खुनी कधीच सापडला नाही.

याबी यू तोवर शहरापासून दूर, क्लॅरेंडन परगण्यात होता. उसाचा मुलूख, आपल्याकडून गेलेले गिरमिटिये जिथं राबले त्या परगण्यांतला एक. सांधे पुन्हा बोलू लागले होते. कुबड्या आल्या. गाणं कमी झालं, पण थांबलं नाही. नव्वदच्या दशकात तो पुन्हा थोडंफार काम करू लागला.

त्याच सुमारास मँचेस्टरमध्ये ‘ब्लड अँड फायर’ नावाचं एक लेबल उभं राहिलं होतं. सिम्पली रेड या गाजलेल्या पॉप गटाच्या मिक हकनॉलचे पैसे आणि स्टीव्ह बॅरो या अभ्यासकाची नजर. जुन्या टेपा शोधायच्या, मूळ कलावंतांशी करार करायचे, त्यांचे पैसे त्यांना द्यायचे आणि नीट माहितीसह सीडी काढायच्या, असं त्यांचं काम. १९९७मध्ये त्यांनी ‘जीझस ड्रेड १९७२-१९७७’ हा दोन सीडींचा संच काढला. मी याबी यू ऐकला तो याच संचातून, आणि माझ्यासारखेच जगभरचे बहुतेक.

त्याची मांडणी मोठी समजून केलेली आहे. एक गाणं येतं. लगेच त्याच रिदिमवर एक डीजे बोलतो. मग डब येतो. मग कधी सॅक्सोफोन, कधी दुसराच गायक. नव्या माणसाला वाटतं, यंत्र अडकलं की काय, तेच तेच काय चाललंय? पण तिसऱ्या-चौथ्या फेरीला कान सरावतो आणि उमगतं की इथं गाणं म्हणजे पुरी झालेली वस्तू नाही. ती एक जागा आहे. याबी यूनं ती साफसूफ केली, उंबरा घातला, आणि मग येणाऱ्याला येऊ दिलं. कुणी त्याची भक्ती बाजूला ठेवून फुशारकी मारली, कुणी त्याचा आवाजच पुसून टाकला. ज्यानं जागा केली तो तिथं कधी मध्यभागी बसलेला दिसतो, कधी कोपऱ्यात, कधी दिसतच नाही.

१२ जानेवारी २०१०ला मेंदूतली रक्तवाहिनी फुटून तो गेला. वय ६३. त्याच दिवशी शेजारच्या हैतीत भूकंप झाला आणि लाखांच्या घरात माणसं ढिगाऱ्याखाली गेली. न्यायाच्या दिवसाची, कोसळणाऱ्या नगरांची गाणी आयुष्यभर गाणाऱ्या माणसाची मृत्यूची तारीख अशी यावी! या योगायोगातून अर्थ काढायचा मोह मी टाळतो. भूकंपात मेलेल्यांवर तो अन्याय होईल, आणि याबी यूवरही. त्याची भविष्यं गरिबांवर आग पाडणारी नव्हतीच.

त्याच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण हळहळतात: याला न्याय मिळाला नाही, मिळायला हवी तेवढी कीर्ती मिळाली नाही. हळहळ खोटी नाही. उपाशी पोटानं भट्टीवर राबलेल्या माणसाला म्हातारपणी चार पैसे अधिक मिळाले असते तर ते हवेच होते. पण नुसत्या कीर्तीचा हिशोब मांडला की मला वाटतं आपण मार्लीची फूटपट्टी याच्यावर ठेवतो आहोत. मार्लीचं मोठेपण असं की कुठल्याही गाण्यात तो आपल्यासमोर उभा असतो. याबी यूचं मोठेपण त्यानं किती वेळा बाजूला सरून दुसऱ्याला उभं राहू दिलं यात आहे. अशा माणसाचं पोस्टर होणं कठीण.

आणि बाजूला सरतानाही त्यानं आपलं म्हणणं सोडलं नाही, ही यातली खरी अवघड गोष्ट. सगळ्यांना जागा देणारी माणसं बहुधा स्वतःला कुठलंच ठाम मत नसलेली असतात, किंवा असलं तरी गिळून बसलेली. ठाम मताची माणसं दाराला कडी घालतात. हा माणूस मित्रांना तोंडावर सांगत होता की तुमचा देव देव नाही. आणि त्याच मित्रांच्या बेसवर, त्यांच्याच ड्रमवर, त्यांच्यासोबत आपल्या देवाला हाक मारत होता. त्यांनीही त्याला वाजवून दिलं. ना त्यानं सेलासीपुढं मान तुकवली, ना त्यांनी येशू पत्करला. वाद शेवटपर्यंत मिटला नाही. तो मिटेपर्यंत थांबायचं असं कुणी ठरवलं असतं, तर त्या गाण्यांतलं एकही झालं नसतं.